बापूशेठांची बशी

मिरजेच्या बापूशेठ हळदणकरांचा चिवडा खपेनासा झाला, तरी शेठ कुणाचं ऐकतील तर शपथ! समोरच्या नव्या दुकानात गर्दी वाढतेय, हे सांगून सांगून थोरली बहीण इंदूअक्का थकली. शेठनी उलट पुण्याहून सल्लागार बोलावला. रिवाजाप्रमाणे पाहुण्यापुढे चिवडा आला. शेठ गरजले, "प्रतिस्पर्धी डोईजड होण्याआधी धोक्याची घंटा वाजेल, अशी यंत्रणा बसवा. तशी गरज नाही म्हणा. आपल्या चिवड्याची सर कुणाला येणार?"

बोलता बोलता शेठनीच बशी फस्त केली आणि आणखी चिवडा मागितला.

अक्कानं कपाळावर हात मारला. "बापू, हा समोरच्या दुकानातला आहे. आठवडाभर तू हाच मागून मागून खातोयस. आता आणखी कुठली घंटा वाजायची राहिलीय?"