येसूच्या पावलाचे माड

वेंगुर्ल्याजवळच्या खाजणवाडीत माडांची एक रांग समुद्राला इतकी खेटून उभी आहे, की भरतीचे पाणी बुंध्यांना लागते. इथे माड टिकले कसे, असे पाहुण्याने विचारले की वाडीतले शिवराम तांडेल त्याला सगळे ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत.

बंदरात वलंदेजांची, म्हणजे डचांची, वखार होती तेव्हाची गोष्ट. येसू नावाच्या विधवेकडे नवऱ्यामागे वाळूचा हा पट्टा तेवढा उरला होता. तिचा दीर लखमो याने वाडीसमोर सांगून टाकले, की यंदा माडांनी मूळ धरले नाही तर पट्टा माझा आणि वहिनीने माहेरची वाट धरावी. माहेरी तिचे कोणीच उरले नव्हते. तीन वर्षे तिने लावलेली रोपे वाऱ्याने हलून हलून मेली होती. माड म्हणजे लक्ष्मी, तिला पाय कसा लावायचा? म्हणून वाडीतले लोक रोपाभोवतीची माती हाताने थोपटत. आतल्या भरड्या, घट्ट जमिनीत ते चालून जाई, वाळूत नाही.

चौथ्या वर्षी ती वखारीच्या बागेत पाणी घालायला जाऊ लागली. तिथला वलंदेज माळी रोप खड्ड्यात ठेवून चक्क पायाने माती दाबी. येसूच्या अंगावर काटा आला. दुभाष्याने तिला समजावले म्हणे, की यांच्याकडे लावणीला 'प्लांतन' म्हणतात. शब्द फार जुना, लॅटिनातून आलेला, आणि त्याच्या मुळाशी तळपाय आहे. तळपायाने माती दाबली, तरच रोप लावले म्हणायचे.

येसू दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पाऊल धुतले, रोपाला हात जोडले आणि माती दाबून बसवली. लक्ष्मीला लाथ मारतेस म्हणून लखमो ओरडत आला, सगळी वाडी गोळा झाली. भीती तिलाही वाटत होती, पण पाऊल तिने उचलले नाही.

"भावजी, पाय लावलंय म्हणान माड रागावाचो नाय," ती म्हणाली. "हलत रवलो तर मात्र जगाचो नाय."

त्या पावसाळ्यात घरांची छपरे उडाली. वारा पडल्यावर लखमो स्वतः एकेक रोप हलवून बघायला आला. एकही हलेना. पट्ट्याचे नाव त्याने पुन्हा काढले नाही. उलट पुढच्या वर्षी आपली रोपे बसवायला त्याने वहिनीलाच बोलावले, हे सांगताना तांडेलांना अजून हसू आवरत नाही.

आजही खाजणवाडीत नवी सून आली, की उंबरठा ओलांडण्याआधी तिला या रांगेपाशी आणतात. ती अनवाणी पावलाने एका रोपाची माती दाबते. तो माड तिचा. आणि तो उभा आहे तोवर तिला घरातून जा म्हणायची कोणाची छाती नाही.