आक्काची डबी

"मग या गावाला धोका तरी कशाचा आहे, सांगा बघू?"

निरंजनने विचारलं. मठाचे म्हादबाबुवा ओट्यावर चिंच निवडत होते.

निरंजन याच मठात वाढलेला. आता डॉक्टर होऊन सरकारी पाहणीवर गावात आला होता. पंधरा दिवसांत पठ्ठ्याने विहिरीचं पाणी तपासलं, चुलींचा धूर मोजला, घरोघर खाण्यापिण्याच्या सवयी विचारल्या. तंबाखूला गावातल्या एकजात बायकांनी 'नाही' सांगितलं. तेव्हा बायकांच्या तोंडाच्या तपासणीचं पथक इथे नको, दुसऱ्या गावी धाडा, असं त्याने लिहूनही टाकलं. कागद दुपारच्या एसटीने जायचे होते.

"बायका खरं बोलल्या?" बुवांनी विचारलं.

"आक्काला विचारा की."

चंद्राक्का मठात रांधायची. निरंजनची आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं. आत्ताही त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि स्वतः दुधात भाकरी कुस्करून बसली. ठेचा का नाही म्हणून त्याने विचारलं, तर महिनाभर गालात आग होते म्हणाली आणि हसण्यावारी नेलं.

तंबाखू खातेस का, असं बुवांनी विचारताच ती रागावलीच. जन्मात कधी तोंडाला लावली नाही म्हणाली.

बुवांनी नुसता हात पुढे केला. "डबी दे."

आक्काने कमरेची डबी काढून दिली. बुवांनी ती निरंजनसमोर उघडून धरली. आत काळीभोर पूड होती.

"ही व्हय?" आक्का म्हणाली. "ही मशेरी. दात घासायची. ही काय कुणी खातं का?"

...

निरंजनचा घास हातातच राहिला. आक्का मशेरीसाठी तव्यावर तंबाखू भाजायची तेव्हा तो शेजारी बसून शिंकत असे. पण त्यानेही कधी मशेरीला तंबाखू म्हटलं नव्हतं.

"आक्का, आ कर."

गालाच्या आत पांढरा चट्टा होता. त्याने बोटाने पुसून पाहिला, तो निघेना.

मग कागद उचलून त्याने फाडले.

"दुपारच्या एसटीने तुला दवाखान्यात नेतो, आक्का. आणि बुवा, परत आलो की घरोघर पुन्हा जाईन. या खेपेला नीट विचारीन."

"विचारू नकोस," बुवा म्हणाले. "सकाळी लवकर उठ, अन् बायकांबरोबर दात घासायला बस."