बकुळाने दिलेले कान

चिमुकल्या बकुळाच्या घरात खोली एकच, पण तिच्यात अख्खी बाग दरवळायची. आई देवळापुढे गजरे विकायची आणि शलाकाताई फुलं ओवता ओवता भोंडल्याची गाणी म्हणायची. ती गायला लागली, की सुईदोराही डोलतोय असं बकुळाला वाटे.

यंदा मात्र ताई गप्प होती. कुणीतरी तिचं गाणं चोरून मोबाइलवर टिपलं आणि गावभर पाठवलं. खाली लोकांनी लिहिलं, 'हिच्यापेक्षा बेडकी बरी!' तेव्हापासून ताई कोपऱ्यात बसून तेच तेच वाचायची. ताटातला भात निवून जायचा.

"ताई, आज भोंडला आहे. तू नाही गायलीस तर कोण गाणार?"

"मी नाही येणार. परत विचारू नकोस, बकू."

बकुळाने परडी उचलली आणि ती घरामागच्या बागेत गेली. तिथे गुलबक्षीच्या झुडपात, दवाने चमचमणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यात, बोटाएवढी परी अडकली होती! मोरपिशी पंख, केशरी झगा. बकुळा केवढी दचकली! तरी हलक्या बोटांनी तिने एकेक धागा सोडवला.

"गुणाची गं माझी! माग काय हवं ते," परी म्हणाली. "पण नियम आहेत हं. मागणं एकच. कुणाचं मन वळवायचं नाही, कुणाचं काही मोडायचं नाही. आणि दुसऱ्याला जे देशील, ते तुझ्यातूनच जाईल."

"म्हणजे ताईचा मोबाइल फोडायचा नाही?"

"फोडलास तरी ते शब्द तिच्या डोक्यात राहतीलच की, वेडाबाई!"

बकुळाने खूप विचार केला. "मग ताईला तिचा आवाज माझ्या कानांनी ऐकू दे."

परीचा चेहरा उतरला. "ती गाईपर्यंत तुला काही म्हणजे काही ऐकू येणार नाही. आणि ती गायलीच नाही तर?"

"गाईल. तू दे, परीताई."

झालं! पाखरांच्या चोची हलत होत्या, पण किलबिल नव्हती. दिवसभर हाका मारमारून आई दमली.

संध्याकाळी अंगणात पाटावरचा हत्ती झेंडूने सजला. भोवती मुली हात धरून उभ्या राहिल्या. ताई उंबऱ्यावर मोबाइल घेऊन बसली होती. बकुळा रिंगणात शिरली आणि एकटीच मोठ्याने गाऊ लागली. सूर कुठे, ताल कुठे! तिला हसू ऐकू येत नव्हतं, हलणारे खांदे तेवढे दिसत होते. शेजारच्या ऋजुताने मोबाइल उंचावला. बकुळाने ते पाहिलं. पण ती थांबली नाही.

तशी ताई ताडकन उठली.

"ऋजुता, खाली कर तो फोन! तिला विचारलंस? मलाही कुणी विचारलं नव्हतं."

ऋजुताने मान खाली घातली. "चुकलं गं, शलाकाताई."

ताईने बकुळाचा हात धरला आणि गाणं उचललं. पहिल्याच ओळीला ती थबकली. हा आवाज तिचा? मधासारखा, उबदार, झुलणारा! बकूला तो असा ऐकू येतो? ताईचे डोळे भरून आले, आणि ती मोकळ्या गळ्याने गाऊ लागली.

त्याच क्षणी बकुळाच्या कानांत पैंजणं छुमछुमली, टाळ्या वाजल्या, आणि सगळ्यांच्या वर ताईचा सूर! झेंडूवर एक केशरी ठिणगी गिरकी घेत होती. ती लखलखली, अंगणभर सोनेरी उजेड सांडला, आणि परी त्या उजेडात विरून गेली.

"बघत काय बसलीस, बकू?" ताई हसली. "पाय उचल, पुढचं गाणं सुरू झालं!"