बिनकाठाची टोपली

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातल्या कुणालाही आता लाज वाटायची सोय उरलेली नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर वेळकोंड नावाचं गाव होतं. अजून आहे. त्या गावात भिवरा नावाची बुरडीण राहायची.

असं म्हणतात, की भिवरेनं कोयता नुसता टेकवला की वेळू आपणहून चिरत जायचा. तिच्या रोवळीत तांदूळ धुतले तर पाणी निथळायचं, कणी जायची नाही. तिच्या दुरडीतली भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ असायची. गावात मूल जन्मलं की ते आधी भिवरेच्या सुपात निजायचं. लग्नात नवरीच्या पाठवणीला भिवरेची टोपली लागायची. माणूस गेलं की तिरडीचे बांबूही तिच्याच अंगणातून जायचे. जन्मापासून मसणापर्यंत सगळं गाव तिच्या हाताखालून जायचं. तिला मात्र गावातून जायचं असलं, तर बाजूनं जावं लागायचं.

टेकाडावर मुरलीधराचं देऊळ होतं. गोकुळाष्टमीला देवाचा जन्म झाला की वसुदेवानं यमुनेतून नेलं तसं बाळकृष्णाला नव्या टोपलीत ठेवत. ती टोपली भिवरेची. ती खालच्या पायरीवर टोपली ठेवून मागं सरायची. मग गुरव तुळशीच्या पानानं टोपलीवर पाणी शिंपडायचा आणि ती वर न्यायचा. पाणी पडलं की वेळूला लागलेला बुरडाचा हात निघून जातो, अशी गावाची समजूत होती. हात निघून जायचा आणि वीण तेवढी राहायची.

एका वर्षी अष्टमीच्या आधी पाऊस थांबायचं नाव घेईना. अष्टमीच्या दिवशी नदी गावात शिरली. गाव देवळाच्या ओट्यावर चढलं. नदीकाठचे बुरूड चिल्लीपिल्ली घेऊन डोंगराकडं निघाले. भिवरेला निघता आलं नाही. तिची लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि सकाळपासून तिला कळा येत होत्या. डोंगर लांब होता, देऊळ हाकेवर होतं.

भिवरा एकटीच खालच्या पायरीशी आली आणि म्हणाली, "खोत, लेक अडलीय. देवळात नको, ओट्याच्या कडेला बसण्यापुरती जागा द्या."

विसाजी खोत म्हणजे गावचा धनी. तो वरून म्हणाला, "भिवरे, आज देवाचा जन्म. त्यात तुझी सोयर कुठं कालवतेस?"

"देवकीला नव्हती का सोयर?"

ओट्यावर कुणीतरी हसलं. गुरवाला राग आला. "हिची जीभ बघा. तुझी टोपली जिथं थांबते तिथं तू थांबायचं."

"टोपली कुठं थांबते, गुरवबाबा? तुम्ही पाणी शिंपडता आणि ती वर जाते. तिच्यात जे असेल तेही जातं. गेल्या साली तिच्यात फुलं होती. माझ्याच अंगणातली. देवाच्या डोक्यावर चढली."

गुरव हातातला तांब्या सावरू लागला.

"मग लेकीला टोपलीत घालून आणते," भिवरा म्हणाली. "पाणी शिंपडा आणि वर घ्या. शास्त्र तुमचंच आहे."

आता अख्खा ओटा हसला. पावसात बसून माणसं कंटाळली होती. खोताला तर ही गंमत फारच आवडली. "आण," तो म्हणाला. "माणूस मावेल एवढी टोपली आण. मुरलीधराची शपथ, वर घेऊ." वेळूचं बेट पाण्याखाली गेलंय, हे त्याला दिसत होतं.

भिवरेची चूक म्हणाल तर एवढीच. वेळूची कांबटी वाकवून बघितल्याशिवाय जी कधी विणायला घ्यायची नाही, तिनं खोताची शपथ तशीच घेतली.

ती झोपडीत परतली. झोपडीच्या भिंती कुडाच्या, वेळूच्या कांबट्यांच्या. तिनं कोयता घेतला आणि आपल्याच भिंती सोडवायला लागली. दारात पाणी आलं होतं. सगुणा माळ्यावर बसून कण्हत होती.

"आये, घर मोडलंस. आता जायचं कुठं?"

"वर," भिवरा म्हणाली. "तू नुसता दम धर."

जुन्या भिंतीतली वाळकी कांबटी वाकवली तर मोडते, हे पोरालाही ठाऊक असतं. पण असं म्हणतात, की त्या दिवशी वाळक्या कांबट्या कोवळ्या वेळूसारख्या वाकल्या. गुडघाभर पाण्यात उभी राहून भिवरा विणत गेली. भिंती उतरत गेल्या आणि टोपली वाढत गेली. शेवटी झोपडीचं नुसतं छप्पर राहिलं, आणि त्याखाली दोन माणसं मावतील एवढी टोपली. तिला जाड, दुहेरी काठ बांधला होता. भिवरेनं लेकीला आत बसवलं, टोपली पाण्यावर सोडली आणि ढकलत ढकलत पायरीशी आणली.

"आणली. शिंपडा, गुरवबाबा."

गुरवाच्या हातात तांब्या होता. त्यानं खोताकडं बघितलं. खोत आता हसत नव्हता. "अगं, थट्टा केली तुझी," तो म्हणाला. "माणूस काय पाणी शिंपडून शुद्ध होतं?" त्याच्या दोन गड्यांनी पायरीवर काठ्या आडव्या धरल्या. ओट्यावर खोतीणबाई बसल्या होत्या. त्यांची सगळी मुलं भिवरेच्या सुपात निजलेली. त्यांनी तोंड फिरवलं.

भिवरेला मागं जायला घर उरलं नव्हतं. पाणी चढत होतं, टोपलीला ओढ लागत होती, आणि बांधायला दोरी नव्हती. तिनं टोपली डोक्यावर घेतली, दोन्ही हातांनी काठ धरला आणि खालच्या पायरीवर पाय रोवून उभी राहिली. लेकीसकट टोपली एका बाईनं उचलली कशी, असं विचाराल. उचलली, असं म्हणतात. म्हणणारे तेव्हा ओट्यावर बसून बघत होते, तेव्हा त्यांना माहीत असणार.

वर कीर्तन सुरू झालं. वसुदेव यमुनेत शिरला, पाणी त्याच्या गळ्याला लागलं, देवाचा पाय लागताच यमुना ओसरली. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. खाली भिवरेच्या गळ्याला पाणी लागलं, आणि टोपलीत सगुणेला मुलगी झाली. पोथीतलं पाणी ओसरलं. वेळकोंडचं ओसरलं नाही.

उजाडल्यावर नदी मागं हटली. भिवरा पायरीवर तशीच उभी होती. टोपली डोक्यावर, हात काठाला, डोळे उघडे. प्राण केव्हाच गेला होता. असं म्हणतात, की पाणी टोपलीवरून गेलं, पण थेंब आत शिरला नाही. बाळंतीण कोरडी होती. पोर कोरडी होती. माणसं टोपली उतरवायला गेली, तर भिवरेची बोटं निघेनात. ती काठात विणली गेली होती. कांबटी कुठली आणि बोट कुठलं, ते कळत नव्हतं.

सगुणेनं कोयता मागितला आणि काठ कापून आईच्या हातात राहू दिला.

तेव्हा खोताला दया आली. दयेची अशीच सवय असते, ती उजाडल्यावर येते. "पोरी, ये वर," तो म्हणाला. "शेक घे. देव काही म्हणणार नाही."

सगुणेनं पोर छातीशी धरली आणि टोपलीकडं बोट दाखवलं. टोपलीची वीण वरून सुटायला लागली होती.

"देवाला टोपली दर साली मिळेल," ती म्हणाली. "काठ आईबरोबर गेला. त्याच्या जागी आता तुम्ही हातानं धरायचं."

आणि ती डोंगराकडं चालू लागली.

खालच्या पायरीशी, भिवरा उभी होती तिथं, आज शेंदूर लावलेला दगड आहे. त्याला काठाई म्हणतात. बाळंतिणी ओटी भरतात, पोराला सुपात घालून तिच्या पायाशी ठेवतात. गावाची माणसं पाहुण्यांना सांगतात, की खोतांनी स्वतः हात देऊन भिवराआईला वर घेतलं होतं. ऐकायला छान वाटतं.

सगुणेच्या वंशातल्या बायका अष्टमीला टोपली आणतात. तिला काठ नसतो. कुणी कितीही विनवलं तरी त्या बांधत नाहीत, आणि गावात दुसऱ्या कुणाला बांधता येत नाही. काठ नसलेली टोपली ठेवली की उकलते. म्हणून जन्म झाल्यापासून पाळणा संपेपर्यंत गुरवाला ती दोन्ही हातांनी कडेला आवळून धरावी लागते. कांबट्यांची उघडी टोकं तळहातात रुततात. गाव याला आईचा मान म्हणतं.

आता वर यायला कुणी कुणाला अडवू शकत नाही, तसा कायदा आहे. तरी बुरडांच्या बायका खालच्या पायरीवरच उभ्या राहतात आणि वर बघतात. पाळणा लांबतो. गुरवाच्या मनगटापर्यंत रक्ताचा ओघळ येतो. मग त्यांच्यातली एखादी म्हातारी शांतपणे म्हणते, "गुरवबाबा, सोडू नका."