डाव्या हाताची नाडी

“...पण आबा, नाडी खोटं बोलू शकते का?”

“नाही.”

“मग मला का नाही कळलं?”

आबा ओट्यावर हिरडे निवडत बसले होते. एक किडका हिरडा त्यांनी बाजूला टाकला.

“हात किती वेळ धरला होतास?”

अच्युतराव कपाळावरचा घाम पुसू लागले.

वैद्य अच्युतराव गोवंडे म्हणजे काही साधी असामी नव्हे. तीन गावांत त्यांच्या नावाच्या पाट्या होत्या. सत्कार झाला की ते कानाच्या पाळीला हात लावून सांगायचे, आम्ही आबांचे शिष्य. आबांना भेटायला मात्र त्यांना वेळ मिळायचा नाही. आबांनी दवाखाना सोडून डोंगराच्या सोंडेवर, मारुतीच्या देवळामागे दोन खणांचं घर केलं होतं, आणि तिथवर गाडी जात नाही.

आज ते येतो असा निरोप धाडून आले होते. चढ चढून घामाघूम झाले होते, पण बसायची ऐट तीच. सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो!

“दुसऱ्या एका पेशंटशी बोलत होतो,” ते शेवटी म्हणाले. “गर्दी होती. बोटं ठेवली, उचलली.”

“कुणाची नाडी?”

“रंगनाथ पोतदारांची. सराफ आळीतले. छातीत जळजळतं म्हणाले. मी पित्त सांगितलं, चूर्ण दिलं... पहाटे गेले.”

आबांचा हात सुपात थांबला.

“तुझ्याआधी, तुझ्यानंतर... आणखी कुणी हात धरला होता त्यांचा?”

अच्युतरावांनी देवळाच्या कळसाकडे पाहिलं. मग पायांकडे.

“सुगंधाने.”

सुगंधा पादीर डोंगराखालच्या ठाकरवाडीतली. लहानपणी आबांकडे मुळ्या, साली घेऊन यायची आणि जाता जाता ओट्याच्या कडेला बसून आबा शिष्यांना काय सांगतात ते ऐकायची. पुढे शिकली. कॉलेजात गेली, रीतसर वैद्य झाली. सुट्टीत येऊन आबांजवळ नाडी शिकली. आबांनीच तिला अच्युतरावांकडे धाडलं होतं. फोनवर सांगितलं होतं, हिची बोटं माझ्यापेक्षा चांगली आहेत, हिला गादीवर बसव.

“बसवलीस?”

“औषधाच्या खिडकीत बसवली.”

“पुड्या बांधायला.”

“आबा, पेशंट ऐकत नाहीत! एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, त्या काळ्या पोरीच्या हातचं मी पाणी घेणार नाही, औषध कसलं घेते. दुसरा म्हणाला, बाईमाणसाला काय कळते नाडी. लोकच असे. मी तरी काय करणार?”

“लोक म्हणाले.”

“हो ना.”

“आणि तू काय म्हणालास?”

“मी? मी काहीच म्हणालो नाही.”

“हं...”

देवळात कुणीतरी घंटा वाजवली. आबांनी डावा खांदा जरा चोळला आणि पुन्हा सूप जवळ ओढलं.

“पुढे सांग.”

“पोतदारांना पुड्या देताना तिने त्यांचं मनगट धरलं. तिचं काम नव्हतं ते. धरलं आणि किती वेळ सोडेचना. मग उठून माझ्या गादीपाशी आली. सगळ्या लोकांदेखत म्हणाली, सर, यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. नाडी मधेच थांबते, परत धरते...”

“आणि?”

“मी म्हणालो...”

अच्युतरावांना तो शब्द गिळता येईना आणि काढताही येईना.

“म्हण.”

“म्हणालो, तू पुड्या मोज. नाडी मोजायला मी बसलोय.”

“लोक हसले असतील.”

“हसले. पोतदारसुद्धा हसले, आबा. तिच्याकडे बघून हसले, आणि पिशवी घेऊन घरी गेले.”

आता त्यांची ऐट पार गेली होती. मांडी मोडून ते पायरीवर उकिडवे बसले, एखादा पेशंट बसतो तसे.

“माझ्याकडे दुसरा एक सहायक आहे. पुष्कर. या प्रकाराच्या महिनाभर आधी तोही असाच धावत आला होता. एका बाईंच्या नाडीत काहीतरी विचित्र लागतंय म्हणाला. मी हातातलं टाकून गाडी बोलावली. शहरात नेलं, सगळ्या तपासण्या केल्या. साधं अपचन निघालं.”

“रागावलास त्याला?”

“नाही. पाठ थोपटली. म्हणालो, वैद्याने असंच सावध असावं.”

“पुष्कर कुणाचा?”

“आपल्या वकील देशपांड्यांचा.”

“हं...”

आबांचं हे ‘हं’ अच्युतरावांच्या ओळखीचं होतं. शिकत असताना काढा करपला की आबा एवढंच म्हणायचे, आणि ते दिवसभर अंगाला चिकटून राहायचं. पण तेव्हा ते डोळ्यांत बघून म्हणायचे. आज त्यांची नजर दुसरीकडेच होती. दाराशी गुळवेलीचा एक भारा पडला होता, तिकडे.

“सुगंधा आता कुठे आहे?”

“दुसऱ्या दिवशी आली. पोतदारांचं कळलं होतं तिला. मला वाटलं, आता बोलेल. चारचौघांत माझी अब्रू काढेल. काढायलाच हवी होती... तिने एप्रनची घडी केली, खिडकीत ठेवली आणि गेली. एक शब्द नाही. गावात आजपर्यंत कुणाला ठाऊक नाही.”

“आणि पोतदारांच्या घरी?”

अच्युतरावांनी डोळ्यांवर हात दाबला.

“त्यांची बायको रोज दारावरून देवळात जाते. मला नमस्कार करते. म्हणते, वैद्यराज, तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत, आमचंच नशीब फुटकं. रोज म्हणते! मी हात जोडतो आणि आत जातो... काय करू मी? प्रायश्चित्त सांगा. उपास सांगा. काहीही सांगा.”

“उपास केलास तर पोतदार येतील का उठून?”

“नाही.”

“मग कशाला पोटाला त्रास!”

“मग रागवा तरी मला!”

आबा रागावले नाहीत. ते अच्युतरावांना फार लागलं. पाठीत एक धपाटा बसला असता तर ते हलके होऊन डोंगर उतरले असते.

सुपातले चांगले हिरडे आणि किडके हिरडे केव्हाच एकत्र झाले होते, आणि आबांची बोटं ते उगाच ढवळत होती. कपाळावर घाम होता. सावलीत बसूनही घाम होता. वैद्याच्या नजरेने ते टिपायला हवं होतं, पण अच्युतराव स्वतःच्या दुःखात बुडाले होते. आपलं रडगाणं गाताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, हे वैद्यालाही चुकलेलं नाही.

मग आबांनी बाही वर केली आणि हात पुढे केला.

“बघ.”

अच्युतराव चपापले. डोळे पुसून पुढे सरकले. आणि थबकले.

“आबा... उजवा द्या.”

“का?”

“पुरुषाचा उजवा बघायचा, बाईचा डावा. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं खरं.” आबांनी हात मागे घेतला नाही. “मला माझ्या गुरूंनी शिकवलं. त्यांना त्यांच्या गुरूंनी. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जन्मभर लोकांचे हात निवडून धरले... डाव्यात मी नसतो का रे?”

अच्युतराव डाव्या बाजूला जाऊन बसले. तीन बोटं मनगटावर ठेवली. सवयीने ती लगेच उठू लागली होती, पण त्यांनी उठू दिली नाहीत. पोतदारांचा हात त्यांना आठवला असावा.

त्यांनी डोळे मिटले.

वारा पडला होता. खाली वाडीवर कुणीतरी शेळ्यांना हाका मारत होतं.

नाडी चालली. चालली... आणि थांबली.

मग परत धरली.

अच्युतरावांनी पुन्हा पाहिलं. मग न विचारता उजवा हात ओढून घेतला आणि तोही पाहिला. तिथेही तेच होतं.

“आबा, खांदा कधीपासून दुखतोय?”

“कालपासून.”

“आबा, इथे थांबायचं नाही. आत्ताच्या आत्ता खाली चला. गाडी पायथ्याशी आहे. शहरात नेतो तुम्हाला, मोठ्या दवाखान्यात. नाडी मधेच...”

ते बोलता बोलता अडखळले. हे शब्द त्यांनी आधी ऐकले होते.

“बरं,” आबा म्हणाले. “चल.”

इतकंच. नाही म्हणाले नाहीत, नक्की का म्हणून विचारलं नाही. सूप बाजूला सारलं आणि खुंटीवरचं उपरणं घेतलं. जो माणूस साध्या तापालाही कुणाचं ऐकायचा नाही, तो लहान मुलासारखा उठून उभा राहिला.

अच्युतरावांनी त्यांना खांद्याचा आधार दिला. दोघे पायरी उतरले. गुळवेलीच्या भाऱ्यापाशी आबा दम घ्यायला थांबले.

भारा ताजा होता. कापलेल्या जागी अजून ओल होती.

“एवढा भारा इथवर कुणी आणला?”

आबा धापा टाकत होते.

“नका बोलू. दम लागेल तुम्हाला.” अच्युतराव म्हणाले. “पण मला एक म्हणू द्या, आबा. मी चुकलो. तुमचा शिष्य म्हणवायची लायकी नाही माझी. तुमच्या मनात असा भेद कधी आला नाही. पोरगी ठाकराची की बामणाची, काळी की गोरी, तुम्ही कधी पाहिलं नाहीत. तिला ओळखलंत, शिकवलंत. एवढं एक तरी मी तुमच्याकडून घ्यायला हवं होतं. म्हणून तर आज तुमच्याच पायाशी आलो.”

आबांनी त्यांच्या खांद्यावरचा हात काढला. देवळाच्या भिंतीला टेकून उभे राहिले. डोंगराखाली ठाकरवाडीची घरं दिसत होती, तिकडे बघत राहिले.

“तिला मी ओट्याच्या कडेवरच शिकवलं, अच्युता. तुम्ही आत बसायचा... आत ये म्हणायचं राहून गेलं.”

“आबा, बोलू नका...”

“सुगंधा सकाळी येऊन गेली. माझा हात धरला. हेच म्हणाली, आत्ताच्या आत्ता खाली चला. पाठीवर घेऊन जाते म्हणाली.”

सूर्य माथ्यावरून ढळला होता.

“मग... मग गेला का नाहीत, आबा?”

आबांनी डोळे मिटून घेतले.

“मी म्हटलं, थांब. अच्युत येतोय. त्याला बघू दे.”