रेघेचा दगड

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. फ्रान्स देशात ल्वार नावाची लांबलचक नदी आहे. तिच्या काठच्या एका गावात रीत होती: पूर ओसरला की पाणी जिथवर चढलं होतं, तिथल्या दगडावर रेघ कोरायची. असा एक दगड चर्चच्या भिंतीत, दाराच्याही वर होता.

पुढे ती भिंत पडली. बऱ्याच वर्षांनी मातुराँ गवंड्याने नदीकाठी घर बांधलं. ढिगाऱ्यातला हा दगड चांगला चौकोनी दिसला, म्हणून त्याने तो उंबऱ्याशेजारी, घोट्याच्या उंचीवर बसवला.

"अरे, माझी जागा वर आहे!" दगड ओरडला. ते ऐकू आलं फक्त अंगणातल्या बदकिणीला. तिने घाबरून नुसता कलकलाट मांडला.

"हिला झालंय तरी काय?" मातुराँची बायको पेरीन म्हणाली.

मग एका सकाळी, गावात लख्ख ऊन असताना, नदी फुगू लागली. पाऊस दूर, तिच्या उगमाकडच्या डोंगरांत कोसळला होता. गढूळ पाणी आवाज न करता अंगणात शिरलं. बदकीण पिल्लांना घेऊन टेकडीकडे पळाली.

"अहो, आपणही निघू या," तान्ह्या मुलीला छातीशी धरून पेरीन म्हणाली.

मातुराँने वाकून पाहिलं. पाणी रेघेला टेकलं होतं.

"घाबरू नकोस. वाडवडिलांनी कोरलीय ही रेघ. हिच्यावर पाणी कधीच गेलेलं नाही."

पेरीनने सुटकेचा श्वास सोडला आणि बाळाला पाळण्यात ठेवलं. दगड जिवाच्या आकांताने ओरडत राहिला, पाण्याखाली जाईपर्यंत.