जुळ्यांचा काढा

"तर मग, कोणत्या औषधानं गुण आला म्हणतोस?" अंतोबा वैद्यांनी विचारलं.

त्यांचा शिष्य श्रीपती याच प्रश्नाची वाट बघत होता. आज उत्तर बरोबर आलं, की उद्यापासून ओट्यावर बसून एकट्यानं रोगी तपासायचे, असं ठरलं होतं. छाती तर त्याची सकाळपासून इतकी फुगली होती, की बंडीची दोन बटणं शेजारच्या गावात सापडली.

समोर कौसा बसली होती, आणि तिला चिकटून तिच्या पाच वर्षांच्या, सारखेच फ्रॉक घातलेल्या हुबेहूब जुळ्या पोरी, गोदी आणि कृष्णी. चार दिवसांपूर्वी दोघींची नाकं ओढ्यासारखी वाहत होती. आज ठणठणीत कोरडी.

"कपाळाला वेखंड, छातीला ओव्याचा शेक, ते सगळं वरवरचं," श्रीपती म्हणाला. "खरा गुण माझ्या काढ्याचा. आलं, तुळस, गवती चहा..."

"दोघींना पाजलास ना गं?" अंतोबांनी कौसाला विचारलं.

"पाजला की. एक पिऊन अंगणात पळाली, की दुसरीला हाक मारायची. कडू जहर, पण वर गुळाचा खडा द्यायचे ना!"

कृष्णी फिसकन हसली.

"काय गं?"

"मी नाही प्याले."

"मग तुझा वाटा?"

"गोदीच परत जायची. गुळासाठी."

कौसानं गोदीकडे पाहिलं. मग कृष्णीकडे. मग पुन्हा गोदीकडे.

"तरीच! म्हटलं, दोघींच्या फ्रॉकला एकाच जागी डाग कसा!"

श्रीपतीचं तोंड उतरलं.

"म्हणजे प्याली तीही बरी... न प्याली तीही बरी?"

"हं."

"मग काढा फुकट गेला?"

अंतोबा कौसाकडे बघत राहिले.

"फुकट कसा?" कौसाच श्रीपतीला म्हणाली. "भारीच औषध हो वैद्यबुवा! त्याआधी तीन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सारखी पोरींच्या नाकाशी बोट धरून, श्वास चाललाय का बघत बसायची. तुमचा काढा चुलीवर चढला आणि त्या रात्री मी अशी घोरले, अशी घोरले, की म्हशीनं दावं तोडलं!"

पोरींना दोन्ही हातांना धरून ती गेली.

श्रीपती मान खाली घालून ओट्याकडे बघत राहिला.

"गुरुजी... मी बसू, की नको?"

"बस. पोराला सर्दी झाली, की आधी आईची नाडी बघत जा."